बाबाच्या कानाचा डबा

९ सप्टेंबर १९५३, मुर्री

आज तान्हा पोळा. गावातली पोट्टी लाकडी बैल घेऊन दारोदार हिंडताहेत आणि मी माझ्या सायकल-बत्ती दुरुस्तीच्या दुकानाची फळी अर्धी लावून लिहायला बसलो आहे. ही डायरी केशोरावांनी दिली. रेल्वेची आहे, गेल्या सालची. तारखा खोडून लिहा म्हणाले. "चैतराम, जे जे कराल ते लिहून ठेवा, नाहीतर तीच चूक परत कराल." केशोराव गोंदियाच्या स्टेशनात टेलिफोनच्या तारा सांभाळतात, तेव्हा चुकांबद्दल त्यांना माहिती असणारच.

काल बत्तीची जाळी आणायला गोंदियाला गेलो होतो. भंगारवाल्याकडे बिरसीच्या विमानतळावरचा लढाईच्या वेळचा माल अजून पडून आहे. त्यात वैमानिकाचा कानटोप मिळाला. दोन कानांवर दोन काळ्या वाट्या, आणि तारेला लोंबणारी तिसरी, बोलायची. भंगारवाला म्हणाला, "ले जाओ भैया, हवाई जहाज का माल है, इससे तो भगवान भी सुन लेगा." भगवानाचं मला काम नाही. बाबाचं आहे.

माझा बाबा बकाराम हा मुर्रीच्या दंडारीचा शाहीर. दिवाळी झाली की गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि भर दुपारी रिंगणात दंडार उभी राहते, गाण्या-नाचाचा, सोंगांचा खेळ. तीस वर्षं त्या रिंगणात पुढे बाबा आणि मागे झील धरणारे, म्हणजे त्याची ओळ सगळ्यांनी मिळून उचलणारे. शेजारच्या गावांची मंडई बाबाला विचारून ठरायची असं लोक म्हणतात. लोक काहीही म्हणतात, पण हे खरं आहे.

दोन सालांपूर्वी त्याचे कान गेले. गेल्या मंडईला ढोलकी थांबली, झीलकरी थांबले, आणि बाबा डोळे मिटून गातच राहिला. पोट्टी हसायला लागली. शेवटी खुशाल पुढे झाला, बाबाचाच चेला, आणि त्याने बाबाला धरून बाजूला नेलं. तेव्हापासून बाबा ओसरीवर बसतो तो बसतोच. अर्धा भात ताटात टाकतो. धुरपताचं, म्हणजे माझ्या बायकोचं, तर त्याच्याशी बोलणंच बंद झालं आहे. सुनेने सासऱ्यापुढे आवाज चढवू नये ही आमच्याकडची रीत, आणि बहिऱ्याशी हळू बोलून उपयोग काय? ती ताट ठेवते, ताट उचलते. मधे फक्त भांडी वाजतात.

या साली मुर्रीची मंडई बारा नोव्हेंबरला आहे. त्या दिवशी बाबा रिंगणात उभा राहिला नाही तर परत कधीच उभा राहणार नाही, आणि मग ओसरीवरही फार दिवस बसणार नाही. असं मला वाटतं. वाटतं कशाला, दिसतं.

म्हणून मी कानाचा डबा करायला घेतला आहे.


१३ सप्टेंबर

केशोराव येऊन समजावून गेले. बोलत्या वाटीत बारीक काळे दाणे असतात. आपण बोललो की पडदा दाण्यांना दाबतो, त्याने वीज कमीजास्त होते, आणि ऐकत्या वाटीत तोच आवाज निघतो. सोपं आहे. इतकं सोपं की आतापर्यंत मला का सुचलं नाही याचं नवल वाटतं. "दाणे म्हणजे तिचा जीव. वाटी उघडू नका," असं बजावून गेले.

टॉर्चचे दोन सेल, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, कानटोपाची एकच ऐकती वाटी ठेवली. आधी माझ्या कानाला लावून पाहिली. धुरपता चुलीपाशी होती, तिचं पुटपुटणं मला दुकानात ऐकू आलं. माझ्याबद्दलच होतं. चांगलं नव्हतं.

मग बाबाला लावलं. त्याच्यासमोर बसून बोलत्या वाटीत म्हणालो, "बाबा, आयकू येते का?"

बाबा माझ्याकडे बघत राहिला. मग मान डोलावली. "येते गा. येऊन राहिला."

पहिल्याच फटक्यात! मी उठून सगळ्यांना सांगितलं. धुरपता दारातून म्हणाली, "मी बोलू का वाटीत?" मी म्हणालो, हे काही खेळणं नाही, आधी माझी तपासणी होऊ दे. ती आत गेली.


१८ सप्टेंबर

वाटी उघडली.

खरखर फार येत होती, म्हणून उघडली. केशोरावांनी सांगितलं होतं उघडू नका, पण केशोराव मुर्रीला राहत नाहीत. झाकण सैल केलं आणि सगळे दाणे सारवलेल्या जमिनीवर. अंधारी जमीन, काळे दाणे, त्यात मुंग्यांची रांग. दोन तास गुडघ्यांवर बसून वेचले. चिमूटभर मिळाले, त्यातला निम्मा शेणाचा भुगा असावा. 


२४ सप्टेंबर

माझं डोकं मी समजत होतो तेवढं वाईट नाही.

दाणे कोळशाचे आहेत ना? मग कोळशाला या गावात काय तोटा! धानाचा कोंडा जाळून आपण दात घासायची राखुंडी करतोच. तोच कोंडा चांगला काळा जाळला, कुटला, फडक्यातून गाळला आणि वाटीत भरला. पण एक विचित्र गोष्ट झाली. माझ्या कानाला लावलं तर काहीच नाही. टिचकी मारली तरी नाही. सेल उलटे घातले, तारा घासल्या, काहीच नाही. निराश होऊन बाबाच्या कानाला लावलं आणि म्हणालो, "काई येते का?"

"आता त मस्त येते," बाबा म्हणाला. "पयल्यापेक्षा साफ."

बराच विचार केला. बहिऱ्या कानाचं शास्त्र वेगळं असणार. चांगल्या कानाला जो आवाज लागत नाही तो त्याला लागत असेल. केशोरावांना विचारलं तर ते म्हणाले, "वडील म्हणतात ना येतं म्हणून? मग झालं." म्हणजे त्यांनाही पटलं.


३० सप्टेंबर

रोज सकाळी चहाच्या आधीच बाबा दुकानात येऊन लाकडी ठोकळ्यावर बसतो. स्वतःच वाटी कानाला लावतो. मी समोर बसून तपासणी म्हणून बोलत राहतो. रोज काय बोलणार? मग जे सुचेल ते. कोणाच्या सायकलचं चाक वाकलं, भाताला किती पाणी लागलं, आई असताना एकदा घरात अस्वल शिरलं होतं ते. बाबा हसला. जन्मात आम्ही दोघं इतकं बोललो नसू. लहानपणी हा माणूस मंडईच्या दोन महिन्यांत पंधरा गावं फिरायचा, आणि घरी आला की त्याचा गळा बसलेला असायचा.

कधी कधी उत्तरं जरा बाजूला जातात. मी म्हटलं उदाराम आजारी आहे, तर म्हणाला, "हो, पाऊस येईनच." पण ते वयामुळे असेल. उदाराम दंडारीचा मुखिया. त्याला निरोप धाडला आहे की घट बसल्यावर तालीम सुरू होईल तेव्हा बकाराम शाहीर येतील, कान दुरुस्त झाले आहेत.


१० ऑक्टोबर

काल तालमीला गेलो. लिहायचं नव्हतं, पण केशोराव म्हणतात चुका लिहा.

उदारामच्या अंगणात पंधरावीस माणसं. बाबाच्या कानाला वाटी, डबा बंडीच्या खिशात. मी मधे उभा राहून डबा कसा चालतो ते सांगितलं, जरा जास्तच सांगितलं. मग ढोलकी सुरू झाली. बाबाने डोळे मिटून तान घेतली. ढोलकी एका बाजूला, बाबा दुसऱ्या. खुशालने खूण केली, ढोलकी थांबली. बाबा थांबला नाही.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. उदाराम मला बाजूला घेऊन म्हणाला, "कायले बुढ्याले सतावून राहिला बे?"

वाटेत बाबा पुढे आणि मी मागे. मुर्रीच्या बांधावरून घरी येईपर्यंत मी त्याच्या पाठीकडे बघत चाललो.


११ ऑक्टोबर

भांडलो. सकाळी तो दुकानात आला तसा मी वाटीबिटी न लावता त्याच्या तोंडासमोर ओरडलो, "काऊन खोटा बोलला? येत नव्हता त येते काऊन म्हनला?"

बाबा माझ्या ओठांकडे बघत होता. सगळं समजलं त्याला. म्हणाला, "नाई म्हनलो असतो त तू डबा फेकून देला असता."

"मंग फेकला असता! काय बिघडला असता?"

तो उठला आणि ओसरीवर गेला. माझ्या मेहनतीची त्याला दया आली असणार. मला कोणाची दया नको आहे.

धुरपताला सांगितलं तर तिला नवल वाटलंच नाही. म्हणाली, "मले पयल्याच दिवशी कळला. मामाजी वाटीकडे नाई, तुमच्या तोंडाकडे पाहून राहिले होते."

"मंग सांगतला काऊन नाई?"

"सांगतला असता त तुमी त्याहिच्यासंगं बोलनं बंद केला असता."

मी म्हटलं, याचा डब्याशी काय संबंध? ती भांडी घासायला निघून गेली. या घरात शास्त्र कोणाला समजत नाही. डबा खाटेखाली सारला.


१४ ऑक्टोबर

बाबा आजही सकाळी येऊन ठोकळ्यावर बसला. डबा बंद आहे हे त्याला माहीत आहे. मी कामात होतो, बोललो नाही. दुपारपर्यंत बसला आणि गेला. काल पण असंच. कशाला येतो कळत नाही.


१६ ऑक्टोबर

खाटेखालचा डबा बाहेर काढला. दुरुस्त करायला नाही, सेल काढून टॉर्चमध्ये घालायला. तेही संपलेले निघाले. राग आला म्हणून एक सेल हातोडीने ठेचला. आत पेन्सिलीएवढी काळी कांडी निघाली. चांगली टणक. नखाने खरवडत नाही. मला त्या दिवशी जमिनीवरून वेचलेले दाणे आठवले. तेही असेच टणक होते, आणि माझी कोंड्याची राखुंडी पिठासारखी मऊ.

सायकलवर टांग टाकून तडक स्टेशन. केशोराव कांडी पाहून म्हणाले, "हा कोळसाच, पण यातून वीज धावते. तुमच्या कोंड्यातून काय धावणार?" मग राखुंडीचं सांगितलं तेव्हा तुम्ही हसला का नाहीत, असं मी विचारलं. म्हणाले, "वडील खूश होते हो."

गावातले सगळे मेलेले सेल गोळा केले. कांड्या कुटल्या, मलमलीतून गाळल्या, ना पीठ ना खडे असे मधले दाणे घेतले. वाटीत भरले, घट्ट नाही, थोडी जागा ठेवून. नवे सेल. माझ्या कानाला लावलं आणि धुरपताने पलीकडे सूप आपटलं तर मी जागेवरून उडालो.

बाबाला बोलावलं. समोर बसलो नाही, मागे उभा राहून वाटीत म्हणालो, "बाबा."

काही नाही. परत म्हणालो. मग समोर येऊन हाताने विचारलं.

बाबाने मान हलवली. "नाई गा. नाई येत." मग म्हणाला, "माह्या आवाज मले येते, मडक्यात तोंड घातल्यावानी. बाकी दुनिया बंद हाय."

वाईट वाटलं. पण एक सांगतो, त्याने खरं सांगितलं याचा आनंदही झाला. नाही म्हणाला आणि उठून गेला नाही, बसून राहिला. मीही आज डबा फेकला नाही.


१९ ऑक्टोबर

काय लिहू, कसं लिहू!

काल दसऱ्याला सोनं द्यायला घरात माणसं येत-जात होती. बाबा नवं पागोटं बांधून ओसरीवर. मी नवीन दाणे घातले होते, तेवढ्यात तपासावं म्हणून गेलो. कानटोपाची पट्टी लावायची तर पागोटं काढावं लागतं. बाबा उखडला. "सनाच्या दिवशी चारचौघांत पागोटा उतरवू? घरात कोन मेला का?" खरंच, पागोटं उतरवणं म्हणजे सुतक. मग त्यानेच पट्टी सोडून वाटी पागोट्याच्या कडेत खुपसली. ती कानावर कुठली राहते, सरकून कानामागे हाडावर जाऊन बसली. मी म्हटलं राहू दे, पाहुणे गेले की बघू, आणि बोलती वाटी माजघराच्या दाराशी ठेवून दिली.

धुरपता ताटं उचलायला आली. नेहमीसारखी पुटपुटत. "बुढा आंबाडीची भाजी काई खात नाई. दोन वर्सं झाले, ताटात तशीच. कोनासाठी शिजवून राहिले मी, बाई!"

बाबा तिकडे पाठ करून बसला होता. पाठ वळवलीही नाही, नुसता म्हणाला, "आंबाडी मले लहानपनापासून नाई आवडत, पोरी."

मी बाबाकडे पाहिलं, धुरपताने माझ्याकडे पाहिलं, आणि बाबाने स्वतःच्या कानाला हात लावला. मग कानामागे. 

धुरपताने जीभ चावली, पदर ओढला आणि आत पळाली. बुढा म्हणाली होती ना! पण जरा वेळाने परत आली. दाराआड बसून, डोकं झाकून, अगदी रीतीला धरून हळू आवाजात वाटीत म्हणाली, "मंग काय आवडते, मामाजी?"

"लाखोरीची डार," बाबा म्हणाला. "लसून टाकून. तुह्या आवाज असा हाय तर! मी इसरलो होतो."

पुढे दोघांचं बोलणं संपेचना. मामाजी हे, मामाजी ते, दोन सालांचं सगळं. मला मधेच थांबवावं लागलं, कारण वाटीची नेमकी जागा निसटायच्या आत पेन्सिलीने खूण करायची होती. बाबाच्या कानामागे आता माझी काळी फुली आहे.

नंतर मी गोठ्यात जाऊन रडलो. बैलाने पाहिलं, त्याचं काही नाही.


२४ ऑक्टोबर

ऐकत्या वाटीचं झाकण काढून पडद्यावर सागाचं छोटं बटण बसवलं. ते हाडाला टेकतं, वर पागोट्याचा पीळ. बाहेरून काहीच दिसत नाही. केशोराव म्हणतात कानाची पुढची वाट बुजली असेल, हाडाची मागची वाट उघडी असेल. मी म्हटलं हे आधी सांगायचं होतं. ते म्हणाले मलाही आत्ताच कळलं.

दाणे दमटपणाने गोळा होतात. वाटीला टिचकी मारली की सुटतात. बाबा आता बोलता बोलता टिचकी मारतो, चुना-तंबाखू मळल्यासारखी सवय झाली आहे. ताट पुसून चाटून साफ. घरात रोज लाखोरीची डाळ. मला कंटाळा आला आहे.


२७ ऑक्टोबर

काल उदारामकडे बैठक. बाबाला ऐकू येतं हे सगळ्यांनी तपासलं. पाठीमागून हळूच नाव घेतलं, बाबाने बरोबर माणूस ओळखला. मग उदाराम म्हणाला, "पन शाहीर आता खुशालच राहील. सगळ्या खेळाची मांडनी त्याच्यावर बसली हाय. बकाराम दादा झिलीत उभा राहील त राहो."

हे बाबाने नीट ऐकलं. मीच ऐकवलं. मीच दाणे कुटून, बटण घासून त्याच्या कानात हे घातलं. मी तावातावाने काही बोलणार तर बाबाने पागोट्यातून वाटी काढून माझ्या हातात दिली आणि घरी आला. खुशाल खाली मान घालून उभा होता. त्याचं काही चुकलं नाही हे मला कळतं, पण राग यायचा तो आलाच.

आज दिवसभर वाटी खुंटीला. बाबा परत ओसरीवर. मला वाटलं संपलं सगळं. डबा केला नसता तर तो निदान आशेवर तरी होता.

संध्याकाळी धुरपता ताट घेऊन गेली, वाटी खुंटीवरून काढून ताटाशेजारी ठेवली.  बाबाने जेवण झाल्यावर वाटी उचलून पागोट्यात खोचली आणि मला हाक मारली.

"चैत्या, शाहिराले कान लागत नाई. तो पुढं जाते, बाकीचे त्याच्या मागं येते. मी तीस वर्सं कोनाचा आयकलाच नाई. झील धरायले कान लागते." मग म्हणाला, "जमन का मले?"

बाबाने आयुष्यात मला पहिल्यांदा काही विचारलं. मी म्हटलं, जमन.


१ नोव्हेंबर

जमत नाही. तालमीत बोलती वाटी बाबाच्या छातीवर होती आणि शेजारी ढोलकी. थाप पडली की दाणे जाम. बाबा म्हणतो, "नुसता धडाधड येते, खुशाल कोठी हाय तेच समजत नाई." वाटी बंडीच्या आत घातली, फडक्यात गुंडाळली. धडधड कमी झाली तसा खुशालही कमी झाला.


३ नोव्हेंबर

उपाय सोपा आहे. आवाज खुशालचा हवा, तर वाटी खुशालच्या तोंडापाशी पाहिजे. लांब तार जोडली, बाबा झिलीत मागे आणि वाटी पुढे. पाहिलं, साफ ऐकू येतं. पण वाटी धरणार कोण? खुशालच्या हातात टाळ, शिवाय तो नाचतो. कोणीतरी बरोबर फिरायला हवं.

उदाराम म्हणाला, "तोंडाले रंग लावल्याबिगर रिंगनात कोनी पाय ठेवत नाई. बाबाच्या बाबापासून रीत हाय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले.

मी शाहिराचा पोरगा असून आजवर रिंगणात गेलो नाही. डब्याचं सांगायचं असेल तर चारचौघांत बोलतो, पण गाण्या-नाचाचं नाव निघालं की मी पळ काढतो. मी स्पष्ट नाही म्हटलं. बाबाला ते ऐकू आलं.


५ नोव्हेंबर

दुसरा कोणी वाटी धरायला तयार होतो का म्हणून विचारत फिरलो. जो तो म्हणतो, बिघडली तर मला काय समजणार? खरं आहे. टिचकी कधी मारायची, तार कुठे ओढली जाते, हे मलाच कळतं. बाबा मला काहीच म्हणत नाही. म्हणाला असता तर निदान भांडता आलं असतं.

उदारामला होकार कळवला. उद्या दिवाळी आहे आणि मला भूक नाही.


१२ नोव्हेंबर, मंडई

सकाळी उदारामच्या अंगणात तोंडाला रंगाची पिवळी मुर्दाडशिंग फासली, काळी मिशी रंगवली. मला राजाचा भालदार केलं. भाल्याच्या टोकाला बोलती वाटी बांधली, तार भाल्यावरून, मग माझ्या बाहीतून, कमरेतून, मागे बाबापर्यंत. धुरपता बायकांत उभी होती. मला बघून तिने तोंडात पदर कोंबला. हसत होती, दुसरं काय.

मैदान भरलेलं. जिलेबीवाले, बांगड्यावाले, गोवारी गुराख्यांनी नाचवत आणलेल्या ढाली, बिरसीपासूनची माणसं. बाबा झिलीत सगळ्यात कडेला. त्याला तिथे बघून लोकांत कुजबुज झाली, आणि मला पक्कं माहीत होतं की ती त्याला ऐकू जाते आहे, कारण वाटी माझ्या हातात होती. बाबा हलला नाही.

गण झाला. खुशालने पहिली ओळ उचलली. मी भाला त्याच्या तोंडाशी धरून त्याच्या मागे मागे, तो नाचतो तसा. लोकांना वाटलं सोंगच आहे, टाळ्या पडल्या. मग वाटी खरखरली. बाबाने हात वर केला. मी टिचकी मारली. परत मारली. खुशाल ओळ संपवत आला होता, आता झील उठणार. तिसरी टिचकी. बाबाने हात खाली घेतला.

झील उठली. मी कान टवकारून बाबाचा आवाज शोधायला लागलो. कुठे वेगळा पडतो, कुठे पुढे धावतो, कुठे उरतो. सापडेना. आठ जणांचा एकच आवाज येत होता. मला भीती वाटली की तो गातच नाही. मान वळवून पाहिलं तर त्याचं तोंड उघडं होतं, डोळेही उघडे होते, खुशालकडे लागलेले, आणि तो गात होता. आठांत एक होऊन. ढोलकी थांबली तिथे बाबा थांबला. बरोबर तिथेच.

माझ्या तोंडावरची पिवळी मुर्दाडशिंग गालांवरून वाहून सदऱ्यावर आली. उदाराम म्हणाला भालदार बहुत मस्त रडला, पुढच्या साली पण हेच ठेवू.

दुसऱ्या कवनाला खुशालने दम घेण्यासाठी मधे जागा सोडली. झील पुन्हा उठली तसं बाबाने मला भुवईने खूण केली. मी समजून घेतलं नाही. मग तो गाता गाताच ओरडला, "झील धर ना बे!"

मी कधी गायलो नाही. पण रंग लावलेला होता, आणि नाही म्हणायला तोंड उघडलं तर त्यातून झीलच निघाली. खुशाल थांबला तसा भाला खाली आला होता, वाटी माझ्याच तोंडाशी होती. बाबाचं तोंड कच्ची चिंच चावल्यासारखं झालं. झील संपली तसा तो सगळ्या मंडईसमोर म्हणाला, "बेसूर हायेस गा तू, चैत्या. एकदम बेसूर."

लोक हसले. मी लाजून गप्प झालो, भाला खुशालकडे वळवला.

"थांबला काऊन?" बाबा म्हणाला. "गा. मी आयकून राहिलो."